साल सांगू नका, महिना सांगा

मिस्त्रीला विचारा : वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

गेल्या महिन्यात या सदरात मी सहज एक वाक्य लिहून बसलो. लांब फिरायला नवीच मोटारसायकल पाहिजे असं काही नाही, चांगली जुनी मिळाली तर खुशाल घ्यावी. झालं! तेव्हापासून दुसरा विषय नाही. कुणी जाहिरातीतले फोटो पाठवलेत, कुणी इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. आवाजावरनं निदान मी करत नाही. फोनवर सगळी इंजिनं फुटाणे भाजल्यासारखीच वाजतात. बाकीचे प्रश्न मात्र घेतो. जवळजवळ प्रत्येकानं ‘अमुक सालचं मॉडेल कसं?’ असंच विचारलंय, आणि माझं भांडण आहे ते नेमकं त्या ‘साल’ शब्दाशी.

प्रश्न : रॉयल एनफील्डच्या तीन हिमालयन बघून ठेवल्यात. पहिली मे २०१७ पासिंगची, सिंगल हँड, फक्त २२ हजार किलोमीटर चाललेली आणि सगळ्यात स्वस्त. दुसरी नोव्हेंबर २०१९ ची, ४१ हजार चाललेली. तिसरी २०२१ ची, ३० हजार. मित्र म्हणतात, २०१७ पासून एफआय (कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा) आली, त्यामुळे पहिलीच घे, पैसे वाचतील. काय करू? (एक वाचक, इचलकरंजी)

तुमच्या मित्रांना अर्धं माहीत आहे, आणि गाडीच्या धंद्यात अर्ध्या माहितीला पूर्ण पैसे मोजावे लागतात.

हिमालयन बाजारात आली मार्च २०१६ मध्ये. ४११ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, बीएस३ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष, पुढे बीएस४ आणि बीएस६ आले). एफआयची गाडी आली ती २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे मे महिन्यात एफआय हिमालयन दुकानात नव्हतीच. मग तुमची ती मे २०१७ ची गाडी कुठली? त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस३ गाडी विकायची नाही. हातात उरले दोन दिवस. ३० आणि ३१ मार्चला दुचाकीच्या शोरूमबाहेर जी जत्रा भरली ती ज्यांनी बघितली ते विसरणार नाहीत. पाच हजार सूट, दहा हजार सूट, काही गाड्यांवर त्याहून जास्त. लोक घरातली पासबुकं घेऊन रांगेत. न्यायालयानं एक सवलत ठेवली होती. ३१ मार्चपर्यंत विक्री झाल्याचा पुरावा असेल तर नोंदणी नंतरही होईल. म्हणून एप्रिल-मे २०१७ च्या पासिंगच्या कितीतरी गाड्या प्रत्यक्षात आधी बनलेल्या बीएस३ गाड्या आहेत. तुमची पहिली गाडी त्यातलीच असणार. टाकीखाली पेट्रोलचा कॉक दिसला तर कार्बोरेटर. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र उजळलं आणि पेट्रोल पंपाची बारीक गूंऽ ऐकू आली तर एफआय. दोन मिनिटांचं काम आहे, मित्रांना विचारायची गरज नाही.

त्या ३१ मार्चचा माझ्या घरातलाच किस्सा सांगतो. गाडीचं नाव घेत नाही, दुकानाचंही नाही. माझ्या भाच्यानं रात्री साडेनऊला पैसे भरून एक टूरिंग गाडी उचलली. मला विचारलं असतं तर नको म्हणालो असतो, म्हणूनच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गॅरेजवर आला. गाडी चकाचक, सीटवर प्लास्टिक. मी पेढा तोंडात टाकला आणि सवयीनं टायरजवळ उकिडवा बसलो. टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आकडे होते ३४१५. म्हणजे टायर २०१५ च्या ऑगस्टमधला. आरसी हातात आल्यावर गाडीच्या निर्मितीचा महिनाही त्याच्या आसपासचाच निघाला. दीड वर्ष गाडी कुठल्या तरी गोडाऊनमध्ये एका जागी उभी होती. तीन आठवड्यांत बॅटरी बसली. कार्बोरेटरची वाटी खोलली तर तळाला पेट्रोल आटून काकवीसारखा थर बसलेला. पहिल्याच आंबोलीच्या ट्रिपला पुढच्या शॉकअपच्या ऑइल सीलनं पाझरायला सुरुवात केली. गाडीत मूळचा दोष काहीच नव्हता. बिलावर ती नवी होती, एवढंच.

म्हणून मी साल विचारत नाही, महिना विचारतो, आणि तोही पासिंगचा नाही. आरसीवर दोन वेगळ्या नोंदी असतात, एक नोंदणीची तारीख आणि एक निर्मितीचा महिना-वर्ष. विकणारा पहिली सांगतो, तुम्ही दुसरी वाचायची. दोन्हींत दोन-तीन महिन्यांचं अंतर असेल तर सोडून द्या. आठ-दहा महिन्यांचं असेल तर भाव पाडून मागा आणि गाडीतलं सगळं रबर बघा.

आता तुमच्या तिघींबद्दल. पहिली मी घेणार नाही. कुठल्याही नव्या मॉडेलचा पहिला लॉट हा गिऱ्हाइकाच्या जिवावर केलेली चाचणी असते, मग कंपनी कुठलीही असो. पहिल्या हिमालयनबद्दल तक्रारी भरपूर झाल्या, पुढच्या गाड्यांमध्ये सुधारणाही झाल्या. आणि इतक्या वर्षांत २२ हजार किलोमीटर हे भूषण नाही. म्हणजे ती गाडी महिनोन्‌महिने उभीच होती. फिरणाऱ्या गाडीचं चेन-स्प्रॉकेट झिजतं, ब्रेक पॅड झिजतात, ते बदलले की प्रश्न मिटतो. उभ्या गाडीचं रबर वाळतं, टाकी आतून गंजते आणि ऑइल सील कडक होतात. ते एकेक करून रस्त्यात कळतं, आणि नेमकं तिथं, जिथं फोनला रेंज नसते.

तिसरी, २०२१ ची, बीएस६. बीएस६ हिमालयन जानेवारी २०२० मध्ये आली. त्यात मागच्या चाकाचं एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) बंद करायचं बटण आलं, चारी इंडिकेटर एकदम लागायची सोय आली, आणि वजन १९९ किलोवर गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीपासून मीटरशेजारी वाट दाखवणारी छोटी गोल तबकडीही आली. गाडी चांगली आहे. पण दुसरी, नोव्हेंबर २०१९ ची, मला जास्त आवडते. का? बीएस४ एफआयचं ते शेवटचं वर्ष. इंजिन तेच, दोन वर्षं रस्त्यावर तावून सुलाखून निघालेलं. एबीएस १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं, त्यामुळे तेही आहेच. २०१८ ची असती तर एबीएसवाली की बिनएबीएसची हे बघावं लागलं असतं, कारण त्या साली दोन्ही विकल्या गेल्या. माझा ठोकताळा असा आहे. बदल झाल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांची गाडी टाळायची आणि पुढचा बदल व्हायच्या आधीच्या वर्षातली शोधायची.

एकच अट, ४१ हजारांची सर्व्हिसची कागदं पाहिजेत. आणि मालकाला गप्पांत विचारा, हायवेला किती वेगानं चालवायचा? या इंजिनाचा पिस्टन ७८ मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव ८६ मिलिमीटरची. लांब धावेचं इंजिन आहे, खालच्या वेगात ओढणारं. ८०-९० वर ते दिवसभर भजन म्हणत जातं. "आपली गाडी एकशेवीसच्या खाली कधी आलीच नाही" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर चहा प्या आणि घरी या.

प्रश्न : बजाजची डोमिनार ४०० घ्यायची आहे. २०१८ च्या आणि २०१९ च्या गाडीत विकणारे वीस-पंचवीस हजारांचा फरक सांगतात. एका वर्षासाठी एवढे पैसे का द्यायचे? (एक वाचक, बारामती)

कारण ते एक वर्ष नाही, दोन वेगळ्या गाड्या आहेत. डोमिनार आली डिसेंबर २०१६ मध्ये. ३७३ सीसी, एक कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ३५ पीएस ताकद. एप्रिल २०१९ मध्ये हेड बदललं, दोन कॅमशाफ्ट आले, ताकद ४० पीएस झाली. पुढचे शॉकअप साधे होते ते उलटे, जाडजूड आले. सायलेन्सरला दोन तोंडं आली. रस्त्यावर चालवून बघितलीत तर फरक सांगावा लागणार नाही, विशेषतः घाटातल्या वळणावर पुढचं चाक किती ठाम राहतं त्यात.

पण इथंही तोच घोळ. फेब्रुवारी-मार्च २०१९ ला पासिंग झालेली गाडी जाहिरातीत ‘२०१९ मॉडेल’ म्हणूनच लागते आणि असते जुनीच. कागद नंतर बघा, आधी लांबूनच शॉकअप बघा. वरचा भाग जाड आणि खालचा बारीक चकचकीत असेल तर नवी. खालचा जाड असेल तर जुनी, मग पंचवीस हजार जास्त द्यायचा प्रश्नच नाही.

जुनी वाईट आहे असं नाही म्हणत मी. बजेट कमी असेल तर एबीएसवाली २०१८ ची डोमिनार चांगला सौदा आहे. फक्त एबीएसवालीच घ्या, बिनएबीएसचीही विकली जायची. १८० किलोच्या वर वजनाची गाडी, पावसाळ्यात मागचं चाक लॉक झालं तर आवरत नाही. पाण्यानं थंड होणारं इंजिन आहे, तेव्हा थंड असताना कूलंटची बाटली बघा आणि ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवा. बोटाला सायीसारखं पांढुरकं काही लागलं, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेल्याची शंका आली, तर मालकाला विचारू नका, कारण तो "पावसाळी हवा आहे" म्हणेल. कधी कधी ते खरंही असतं. पण तुम्ही पैज लावू नका.

डबल स्टँड नसेल तर मित्राला मागून गाडी रेटून धरायला सांगा, पुढचं चाक उचलू दे. मग हँडल एका बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. मध्यभागी, सरळ रेषेत, खट्‌ करून खाच लागली की कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. हे कुठल्याही टूरिंग गाडीला करा. कोनसेट बदलणं मोठा खर्च नाही. पण कोनसेट गेलेला असूनही मालक महिनोन्‌महिने तसाच फिरत असेल, तर बाकीची गाडी त्यानं कशी ठेवली असेल याचा अंदाज येतो.

प्रश्न : वडिलांची २०१३ ची थंडरबर्ड ३५० घरात आहे. दोन वर्षं झाकून ठेवलीय. ते आता नाहीत. ती चालू करून कन्याकुमारीला जावं असं मनात आहे. की विकून दुसरी घ्यावी? (एक वाचक, सातारा)

विकू नका.

आता कारण सांगतो, म्हणजे मी भावनेच्या भरात बोलतोय असं वाटायला नको. रॉयल एनफील्डच्या थंडरबर्ड या नावाखाली वेगवेगळी इंजिनं येऊन गेली. २००२ पासूनच्या गाडीत एव्हीएल नावाचं इंजिन होतं, पुढे यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात) इंजिन आलं, आणि २०१२ मध्ये २० लिटरची टाकी आणि नवं रूप आलं. तुमची २०१३ ची, म्हणजे यूसीई इंजिन, मोठी टाकी, ३५० ला कार्बोरेटर. यात टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, सेटिंग करत बसावं लागत नाही. स्पेअर मिळतात आणि गावोगावचा फिटर या इंजिनाला ओळखतो. कन्याकुमारीच्या वाटेवर याची किंमत फार आहे.

मात्र आज गडबडीत स्टार्टरचं बटण दाबू नका. वीस लिटरची टाकी दोन वर्षं अर्धी रिकामी उभी असेल तर वरच्या अर्ध्या भागात आतून गंज धरलेला असणार. टॉर्च मारून बघा. पेट्रोल पूर्ण काढा, ते गाडीत परत घालू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी तळाला बसतं. ई-२० पेट्रोलला टिकतील असे रबराचे भाग द्यायला कंपन्यांनी एप्रिल २०२३ पासून सुरुवात केली, तुमची गाडी त्याच्या दहा वर्षं आधीची. तेव्हा पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरची सगळी पॅकिंगं आणि डायफ्राम नवे टाका. मग गाडी आठवड्यातून दोनदा तरी फिरवत राहा. उभी ठेवलीत की पुन्हा तेच.

दुसरं, नवी बॅटरी टाकल्याशिवाय सेल मारू नका. या इंजिनात स्टार्टरची ताकद इंजिनाला देणारा स्प्रॅग क्लच असतो. बॅटरी अर्धमेली असताना सेल मारत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि तो झटका स्प्रॅग खातो. माझ्याकडे येणाऱ्या दहा थंडरबर्डवाल्यांपैकी निम्मे बॅटरीचे पैसे वाचवायला गेलेले असतात. किक आहे की! बापाच्या गाडीला किक मारायला काय हरकत आहे?

नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंत, पुढे फेरनोंदणी करता येते. कागद तुमच्या नावावर करायला वारसाची कागदपत्रं लागतील, ते ट्रिपच्या आधी करा. परराज्यात पोलिसानं अडवल्यावर "वडिलांची आहे" हे सांगताना त्रास होतो.

प्रश्न : चिपळूणची रॉयल एनफील्डची एक इंटरसेप्टर ६५० मिळतेय, २०१९ ची, भाव फारच कमी. पुरातली असेल का? कशी ओळखायची? (एक वाचक, रत्नागिरी)

शंका बरोबर आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. आमच्या कोल्हापूर-सांगलीनं ऑगस्ट २०१९ आणि पुन्हा जुलै २०२१ असे दोन पूर बघितले. २०१९ च्या पुरानंतर माझ्या गॅरेजबाहेर गाड्यांची रांग बसस्टँडपर्यंत गेली होती. त्यामुळे पुरातली गाडी कशी दिसते हे मला कुणी शिकवायला नको.

इंटरसेप्टरच्या बाबतीत सालाचं फार मनावर घेऊ नका. नोव्हेंबर २०१८ ला आली, ६४८ सीसी, दोन सिलिंडर. २०२० ला बीएस६ झाली तरी चालवायला तीच राहिली. आतून फार न बदललेली गाडी आहे ही. तुमच्या बाबतीत प्रश्न आहे तो पाण्याचा.

पॉलिश केलेलं बाहेरचं काही बघू नका. हेडलाइटच्या काचेची चौकट सोडवा, दोन स्क्रूंचं काम आहे. आत गोल वाटीच्या तळाला हात घाला. पुराचा गाळ पिठापेक्षा बारीक असतो, तांबूस-करडा, बोटावर चोळला तर चिकट लागतो. वॉशिंग सेंटरवाला कितीही प्रेशरनं पाणी मारो, त्या वाटीच्या तळाशी आणि वायरिंगच्या कपलरच्या आत तो राहतोच. मग सीट काढा आणि सरळ नाक लावून वास घ्या. फोमला गटाराचा वास वर्षानुवर्षं जात नाही. टाकीखालचे दोन-तीन कपलर ओढून बघा, पितळी पट्टीवर हिरवं आलं असेल तर ते पाणी बाहेरून उडालेलं नाही. चाकांच्या तारा रिमला जिथं बसतात ते निपल बघा, सगळ्यांवर सारखाच गंज असेल तर गाडी बुडालेली.

आणि एक युक्ती जी मला एका विमा सर्व्हेयरनं शिकवली. २०२१-२२ आणि २०२२-२३ ची विमा पॉलिसी मागा. दरवर्षी वाढत जाणारा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट) मधेच शून्यावर आला असेल तर त्याच्या आदल्या वर्षी क्लेम घेतलेला आहे. कशाचा घेतला, हे मालकाला विचारा. पॉलिसीच द्यायला टाळाटाळ केली, तर न विचारताच उत्तर मिळालं.

पूर नसला तरी तुमच्या किनारपट्टीचं अजून एक आहे. २०२० मध्ये युरोप, ब्रिटन आणि कोरियात हिमालयन, इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी मिळून १५,२०० गाड्या रॉयल एनफील्डनं परत बोलावल्या होत्या, ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) गंजतात म्हणून. तिकडं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठानं. भारतातल्या गाड्या त्यात नव्हत्या. आपल्याकडे रस्त्यावर मीठ कोण टाकतंय! पण मिऱ्या बंदराजवळ किंवा गणपतीपुळ्याच्या रस्त्याला राहणाऱ्या माणसाची गाडी रात्रभर खारं वारं खातच उभी असते. पुढच्या कॅलिपरचे पिस्टन पांढुरके, फुगीर दिसतात का बघा. ब्रेक सोडल्यावर चाक हातानं मोकळं फिरलं पाहिजे. किनाऱ्यावरच्या गाडीला हे तपासल्याशिवाय मी बयाणा देणार नाही, मग साल कुठलंही असो.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच. एकटीनं नाशिकहून कोकण किनारा करायचा आहे. मीटिओर ३५० बघितलीय, फेब्रुवारी २०२१ ची, १८ हजार किलोमीटर. मैत्रीण म्हणते त्या लॉटमध्ये काही तरी भानगड होती. (एक वाचक, नाशिक)

ताई, मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या मीटिओर आणि जानेवारी ते एप्रिल २०२१ मधल्या काही क्लासिक आणि बुलेट ३५० गाड्या रॉयल एनफील्डनं मे २०२१ मध्ये परत तपासायला बोलावल्या. सात देशांतल्या मिळून २,३६,९६६ गाड्या. कारण इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग. गाडी मिसफायर होऊ शकते आणि क्वचित शॉर्टसर्किटही होऊ शकतं, असं कंपनीनंच जाहीर केलं. सगळ्या गाड्यांच्या कॉइल खराब नव्हत्या, दहा टक्क्यांपेक्षाही कमी बदलाव्या लागतील असा त्यांचा अंदाज होता. तेव्हा घाबरू नका. गाडीचा नंबर आणि चासी नंबर घेऊन कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, तिची तपासणी झाली की नाही हे ते संगणकावर बघून सांगतात. झाली असेल तर गाडी बिनधास्त घ्या, राहिली असेल तर मालकाकडून आधी करून घ्या.

उंचीचं म्हणाल तर मीटिओरची सीट ७६५ मिलिमीटर, हिमालयन आणि डोमिनारची ८००. ती साडेतीन सेंटिमीटरं कागदावर काहीच नाहीत. पण फेरीबोटीच्या ओल्या उतारावर, मागं सामान बांधलेलं असताना, दोन्ही तळवे टेकणं आणि नुसत्या चवड्यांवर गाडी पेलणं यात फार फरक आहे. तुम्ही बरोबर गाडी निवडलीय.

१८ हजार आकडा खरा की मागं फिरवलेला, तेवढं बघून घ्या. मीटरवर विश्वास ठेवायचं मी केव्हाच सोडलंय. एकदा माझ्याच मुलासाठी एका एजंटाकडून गाडी घेतली, मीटरवर १९ हजार. घरी आणून धुतली तेव्हा डाव्या फूटरेस्टचं रबर दिसलं, खाचा गुळगुळीत, गिअर टाकणाऱ्या बुटानं घासून मधे खळगा पडलेला. १९ हजारांत असं होत नाही. मग पुढच्या डिस्कला व्हर्नियर लावला. डिस्कवरच कमीत कमी चालणारी जाडी कोरलेली असते, ही त्या आकड्याला टेकली होती. चालली असणार पन्नास हजारांच्या पुढं. चाळीस वर्षं पान्हा हातात धरलेला माणूस मी, आणि दिवाळीच्या घाईत फसलो. तेव्हापासून मीटर शेवटी बघतो. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडलची कड, चावीचे दाते आणि डिस्कची धार आधी बघतो.

प्रश्न : बेळगावात केए-२२ पासिंगची गाडी इथल्यापेक्षा स्वस्त मिळतेय. आणावी का? (एक वाचक, गडहिंग्लज)

आणा, पण हिशेब पूर्ण करा. तिकडच्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचा कागद, आणि महाराष्ट्रात पुन्हा रस्ता कर. परराज्याच्या नंबरावर बारा महिन्यांच्या पुढं इथं ठेवता येत नाही. हे सगळं आणि एजंटाचं मिळवून गाडी स्वस्त राहते का बघा. बहुतेक वेळा राहत नाही. आणि सीमेवरच्या शिनोळीच्या नाक्यावर रोज अडवलं जाणं वेगळं.

प्रश्न : आम्हा दोघा भावांत पैज लागलीय. मी म्हणतो, २०२० ची हिमालयन म्हणजे बीएस६च. भाऊ म्हणतो, बीएस४ पण असू शकते. हरणाऱ्यानं तांबडा-पांढरा रस्सा द्यायचा. कोण बरोबर? (एक वाचक, कागल)

भाऊ बरोबर. बीएस६ गाडी जानेवारी २०२० पासून आली, पण बीएस४ गाड्या ३१ मार्च २०२० पर्यंत विकता येत होत्या आणि शोरूमवाले जुना माल संपवतच होते. त्यामुळे २०२० च्या पासिंगची आणि २०१९ मध्ये बनलेली बीएस४ गाडी बाजारात सापडते. नव्या स्मार्ट कार्ड आरसीवर प्रदूषणाचा निकष लिहिलेला असतो, तो वाचा. गाडी प्रत्यक्ष समोर असेल तर मागचं एबीएस बंद करायचं बटण शोधा. असेल तर बीएस६.

रश्श्याला मला बोलवायचं असेल तर बुधवारी. रविवारी गॅरेज चालू असतं.